फोन आपला, पण त्यातल्या सॉफ्टवेअरवर ताबा कोणाचा? बूटलोडर, कंपनीची ॲप्स, अपडेट यावर चर्चा

रानवारा

मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, थोडं लांबेल पण वाचा. माझा अँड्रॉइड फोन तीनेक वर्षांचा आहे, हार्डवेअर एकदम ठणठणीत, बॅटरी दिवसभर पुरते, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. पण कंपनीनं अपडेट देणं थांबवलं. म्हणजे उद्या अँड्रॉइडमध्ये एखादी मोठी सुरक्षेची भानगड सापडली तर तिच्यावरचा पॅच माझ्या फोनला येणारच नाही. त्यात फाइल मॅनेजर उघडला की जाहिरात, लॉक स्क्रीनवर जाहिरात, आणि मागे शेवटचं सिस्टिम अपडेट आलं तेव्हा मी काढून टाकलेले दोन गेम आणि एक शॉपिंगचं ॲप परत येऊन बसलं, मला विचारलं कोणी? काही ॲप्सना तर अनइन्स्टॉलचं बटणच नाही, फक्त डिसेबल, आणि काहींना तेही नाही.

म्हणून ठरवलं की लिनिएज ओएस (अँड्रॉइडवरच बनवलेली, कंपनीबाहेरच्या लोकांची फुकट सिस्टिम) टाकू, फोन अजून दोन-तीन वर्षं चालेल. तर बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कोणती सिस्टिम चालवायची हे ठरवणारा भाग, अनलॉक करायला कंपनीची परवानगी लागते! त्यांच्या ॲपमधून अर्ज करा, अकाउंट जोडा, थांबा, आणि शेवटी नकार, कारण काय तर काहीच नाही.

मला साधी गोष्ट विचारायचीये. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या फोनमध्ये कोणतं सॉफ्टवेअर चालेल हे ठरवायचा पूर्ण हक्क ग्राहकाला असावा का नसावा? माझं मत असावा. लॅपटॉपवर मी विंडोज काढून लिनक्स टाकतो तेव्हा कोणाला अर्ज करत नाही, मग फोनलाच का? पण बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की सुरक्षेसाठी हे कुलूप लागतंच. ज्यांना आतलं कळतं त्यांनी जरा नीट सांगा.

---

खटपट्या

आधी तुझा आत्ताचा त्रास कमी करू, हक्काचं नंतर बोलू. जाहिराती आणि चिकटलेली ॲप्स घालवायला बूटलोडर उघडायची गरज नाही. सेटिंगमध्ये अबाउट फोनला जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप कर, डेव्हलपर ऑप्शन चालू होईल, त्यात यूएसबी डीबगिंग चालू कर, कॉम्प्युटरला जोड आणि एडीबीच्या (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणारं साधन) कमांडनं ते पॅकेज तुझ्या युजरपुरतं काढून टाक. फाइल सिस्टिम विभागात तशीच राहते, त्यामुळे जागा काही सुटत नाही आणि फॅक्टरी रिसेट मारला की सगळं परत येतं, पण रोजचा वैताग जातो. फक्त एक कर, कोणतं पॅकेज कशाचं आहे हे बघितल्याशिवाय काढू नको, लाँचर किंवा फोन सुरू होताना लागणारं काही गेलं तर फोन लोगोवरच अडकून बसतो.

आता मूळ मुद्दा. मी २०११ पासून या नादात आहे आणि सुरुवात कशी झाली माहितीये का, मराठी वाचता यावं म्हणून! तेव्हाच्या फ्रोयो, जिंजरब्रेड या जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांवाल्या बऱ्याच फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. काही कंपन्यांनी भारतात विकायच्या फोनमध्ये स्वतःहून सोय केलेली होती, पण बाकीच्यांचं काय? ऑपेरा मिनीमध्ये एक आतलं सेटिंग होतं, त्यानं जोडाक्षरं चित्र म्हणून यायची, तेवढ्यावर मराठी साइटी वाचायचो. पण एसेमेस, कॉन्टॅक्ट, बाकी सगळीकडे चौकोनच. मग फोन रूट करायचा, म्हणजे सिस्टिममधले सगळे अधिकार घ्यायचे, आणि फॉन्टची फाइल सिस्टिममध्ये नेऊन बदलायची, तरी ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षराला लागायची ती वेगळीच. पुढे अँड्रॉइड ४ च्या सुमारास देवनागरी आतूनच यायला लागली आणि ती गरज संपली. सांगायचा मुद्दा हा की तेव्हा गावोगावच्या पोरांनी आपल्या भाषेत फोन वाचता यावा म्हणून तो उघडला, आणि कंपनीला जे सुचलं नव्हतं ते करून घेतलं. आज तसाच कुलूपबंद फोन कोणाच्या हातात आला असता आणि त्यात त्याची भाषा नसती, तर तो बिचारा फक्त वाट बघत बसला असता.

आणि दिवसेंदिवस हे आवळतच चाललंय. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज असतो, बूटलोडर उघडून दुसरं काही चढवलं की तो कायमचा उडतो, परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर वगैरे चालत नाही. आणि २०२५ मध्ये वन यूआय ८ (त्यांच्या अँड्रॉइडची आवृत्ती) पासून तर त्यांनी अनलॉकचा पर्यायच काढून टाकला. शाओमीकडे आधी साधारण आठवडाभर थांबलं की मिळायचं, हायपर ओएस ही त्यांची नवी सिस्टिम आल्यापासून तिथंही अटी वाढल्या. एकेकाळी याच फोनवर रॉमचा, म्हणजे लिनिएजसारख्या बाहेरच्या सिस्टिमचा, नुसता बाजार भरलेला असायचा राव.

---

मीनाताई

मी वेगळ्या बाजूनं लिहिते, राग मानू नका. मी बँकेत आहे, आणि गेल्या काही वर्षांत काउंटरला रडत येणारी माणसं बघितल्यामुळे मला हे "पूर्ण ताबा" ऐकलं की भीतीच वाटते. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, नाहीतर आरटीओचं चलन, नाहीतर पीएम किसानचा हप्ता, आणि ती पत्रिका नसतेच, एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप टाकायची फाइल असते. उघडली की फोन विचारतो "या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी द्यायची का", आणि माणूस हो म्हणतो कारण पाठवणारा नंबर नातेवाइकाचाच असतो, त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. मग ते ॲप एसेमेस वाचायची परवानगी घेतं, ओटीपी परस्पर तिकडे जातो, आणि खात्यातली रक्कम भराभर निघते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लवकर फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात कधीकधी, पण लोकांना कळतंच दुसऱ्या दिवशी.

ह्या लोकांना ताबा नकोय हो, त्यांना सुरक्षित फोन हवाय. आयफोनवर हा प्रकार जवळजवळ होत नाही कारण तिथं बाहेरून ॲप सहजासहजी टाकताच येत नाही. मग कुलपाला नावं ठेवताना ज्यांची पेन्शन गेली त्यांचाही विचार व्हावा एवढंच म्हणणं.

---

बिट_बाइट

मीनाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण इथं तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातायत, त्या सोडवल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. मी फर्मवेअरमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करतो, म्हणून जरा खोलात लिहितो.

पहिली गोष्ट बाहेरून ॲप टाकणं, म्हणजे साइडलोडिंग. तुम्ही सांगितलेली सगळी फसवणूक ह्यातून होते. ह्याला बूटलोडर उघडावा लागत नाही, रूट लागत नाही, पूर्ण कुलूपबंद, कंपनीच्या शिक्क्याच्या फोनवरच हे घडतं. म्हणजे रानवाराला बूटलोडर नाकारून तुमच्या एकाही ग्राहकाचे पैसे वाचलेले नाहीत. दुसरी गोष्ट रूट, म्हणजे चालू सिस्टिममध्ये सगळे अधिकार घेणं, ह्यात खरंच धोका आहे कारण एखाद्या ॲपला चुकून रूट दिलं की त्याला अडवणारं कोणी उरत नाही. आणि तिसरी गोष्ट बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना कोणाच्या सहीची सिस्टिम चालवायची हे ठरवणारा भाग.

ह्या तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण सगळी गोम तिथं आहे. फोन चालू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो, ह्याला व्हेरिफाइड बूट म्हणतात, आणि ही फार चांगली सोय आहे. फोन चोरीला गेला किंवा कोणी दहा मिनिटं हातात घेऊन आत काही पेरलं तर ते इथं पकडलं जातं. म्हणून बूटलोडर कायमचा उघडा ठेवणं मलाही पटत नाही. पण सही कोणाची मानायची हे ठरवायचा अधिकार फक्त कंपनीला का? गूगलच्या पिक्सेल फोनवर बूटलोडर उघडून स्वतःची किल्ली (सही तपासायचा डिजिटल कोड) टाकता येते आणि मग तो परत लॉक करता येतो. ग्राफीन ओएस ही सुरक्षेवर भर देणारी सिस्टिम वापरणारे हेच करतात. फोन पुन्हा पूर्ण बंद, तपासणी पूर्ण चालू, फक्त किल्ली तुमच्या मर्जीची. चालू होताना एक पिवळी सूचना दिसते की ही वेगळी सिस्टिम आहे, बस. आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे चोराला आतलं काही मिळत नाही. म्हणजे सुरक्षा पाहिजे तर ताबा सोडा, असा काही निसर्गनियम नाही. हे जमतं, बाजारात विकलं जातंय, बाकीच्या कंपन्यांना करायचं नाहीये एवढंच.

लॅपटॉपचं रानवारानं काढलं ते फार योग्य काढलं. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा सिक्युअर बूट (पीसीवरची तशीच सहीची तपासणी) आलं, आणि लिनक्सवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर मायक्रोसॉफ्टच्या अटींमध्ये असं होतं की इंटेल-एएमडीच्या मशीनवर ग्राहकाला सिक्युअर बूट बंद करता आलं पाहिजे आणि स्वतःच्या किल्ल्या टाकता आल्या पाहिजेत. आणि त्याच वेळी, त्याच कंपनीनं, एआरएम चिपवाल्या विंडोज आरटी टॅबलेटना नेमकी उलटी अट घातली, तिथं बंद करायची सोय द्यायचीच नाही. सुरक्षेचं कारण दोन्हीकडे सारखंच होतं ना? फरक होता तो सवयीचा. पीसी उघडा असण्याची लोकांना वीस-पंचवीस वर्षांची सवय होती, ती मोडायची कोणाची टाप नव्हती. फोन-टॅबलेटला तशी सवय कधी लागलीच नाही.

अजून एक, बऱ्याच जणांना वाटतं अँड्रॉइड ओपन सोर्स आहे म्हणजे हक्क आलाच. नाही. आतला लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या आवृत्ती २ खाली आहे, त्यामुळे कंपनीला कर्नलचा सोर्स द्यावा लागतो (काही देतात, काही उशिरा देतात, काही अर्धवट देतात). पण तुम्ही बदललेला कर्नल त्याच फोनवर चालू दिलाच पाहिजे असं आवृत्ती २ मध्ये स्पष्ट नाही. टिवो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरनं ही पळवाट वापरली, म्हणून २००७ साली आवृत्ती ३ मध्ये ती बुजवली, पण लिनक्स कर्नल २ वरच राहिला. आज तुमच्या हातात सोर्स असतो आणि तो चालवायला फोन नसतो, त्याचं मूळ हे.

आणि "पूर्ण" ताब्याबद्दल. शंभर टक्के पूर्ण तर कोणाकडेच नाही. मोबाईल नेटवर्कशी बोलणारा मोडेम हा वेगळा प्रोसेसर असतो, त्याचं स्वतःचं बंद सॉफ्टवेअर असतं, लिनिएज टाकलं तरी ते कंपनीचंच राहतं. आणि तिथं मोकळीक द्यावी असं मीही म्हणणार नाही, कारण रेडिओ सगळ्यांच्या सामायिक लहरींवर चालतो. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बदलणं तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात गुन्हाच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. हे बरोबरच आहे. पण ह्या मर्यादेआड लपून फाइल मॅनेजरमधल्या जाहिरातीला संरक्षण देऊ नका ना.

---

अर्धा_चहा

कायद्याचं थोडं. आपल्याकडे हा विषय आला होता आणि जवळजवळ हातात येऊन निसटला. २० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, पेपरात सगळीकडे दंडच गाजला, पण त्याच आदेशात असं होतं की आधीच टाकून दिलेली गूगलची ॲप्स ग्राहकाला काढता आली पाहिजेत, आणि साइडलोडिंगवर बंधनं घालायची नाहीत. मार्च २०२३ मध्ये अपिलेट ट्रिब्युनलनं दंड कायम ठेवला पण काही निर्देश रद्द केले, त्यात हे दोन्ही गेले! म्हणजे दंड सरकारी तिजोरीत आणि आपल्या हातात काय, डिसेबलचं बटण. मला तेव्हा फार चीड आली होती आणि आजही येते, कारण सामान्य माणसाला उपयोगी पडणारा भाग तोच होता.

आणि फक्त कंपन्याच नाहीत हं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागानं आदेश काढला की ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच असलं पाहिजे, जुन्या फोनमध्ये अपडेटमधून घाला, आणि ते बंद करता येता कामा नये. हरवलेला फोन ब्लॉक करायला संचार साथी खरंच चांगलं आहे, मी स्वतः लोकांना सांगते टाका म्हणून. पण लोक भडकले, मंत्र्यांनी सांगितलं की नको असेल तर काढता येईल, आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली. ह्यातून एक दिसलं की ज्या दारातून कंपनी तुम्हाला न विचारता गेम टाकू शकते त्याच दारातून सरकारही काहीही टाकू शकतं. दार कंपनीच्या ताब्यात असेल तर सरकारला फक्त कंपनीला पत्र लिहायचं असतं, तुम्हाला विचारायची वेळच येत नाही.

---

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. इथं युरोपात दोन कायदे आले, दोन्हींचा अनुभव मिश्र आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी ॲप स्टोअर्स टाकता येतात, आणि नंतर तर सफारी, कॅमेरा, ॲप स्टोअरसुद्धा डिलीट करायची सोय आली. आयफोनवर! म्हणजे इतकी वर्षं जे "शक्यच नाही" होतं ते कायदा आल्यावर शक्य झालं. पण ॲपलनं सोबत फी लावली, दहा लाखांच्या वर गेलात की वर्षाला प्रत्येक इन्स्टॉलमागे अर्धा युरो, त्यामुळे पर्यायी स्टोअरं अजून फारशी कोणी वापरत नाही, माझ्या ओळखीत तरी एक-दोनच जण.

रानवाराला जास्त जवळचा दुसरा नियम आहे. २० जून २०२५ पासून इथं विकायच्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं सिस्टिम अपडेट द्यावी लागतात. पण त्यातही बूटलोडरबद्दल काही नाही. पाच वर्षं झाली की पुढे काय, फोन चालतोय तरी टाका कपाटात. माझ्या मते तिथं एकच ओळ घालायला हवी होती, ज्या दिवशी अपडेट थांबवाल त्या दिवशी अनलॉकचा मार्ग विनाशर्त खुला करा. ह्याला कोणत्या कंपनीचा काय आक्षेप असू शकतो? सुरक्षेची जबाबदारी तर तुम्ही सोडलेलीच आहे.

---

मीनाताई

बिट_बाइट, धन्यवाद, हा तीन गोष्टींमधला फरक मला खरंच माहीत नव्हता. पण मग साइडलोडिंगचं काय करायचं ते सांगा, कारण माझं दुखणं तिथंच आहे.

---

खटपट्या

ताई, त्यावर गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की बाहेरून टाकायचं ॲपसुद्धा ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच असलं पाहिजे, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात आणि २०२७ पासून पुढे बाकीकडे. कारण तुम्ही सांगताय तेच, फसवणूक. पण ह्यात एफ-ड्रॉइडसारखी जागा मरते, जिथं लोक फुकट, जाहिरात नसलेली, सोर्स दिसणारी ॲप्स ठेवतात. एखाद्या शिक्षकानं आपल्या शाळेपुरतं ॲप बनवलं तर त्यानं आधी अमेरिकेतल्या कंपनीकडे नाव नोंदवायचं? बरीच बोंब झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ते म्हणाले की जाणकारांसाठी एक वेगळा, मुद्दाम अवघड केलेला मार्ग ठेवू. मला तो रस्ता बरा वाटतो. आई-वडिलांच्या फोनवर डीफॉल्ट कडक असू दे, अगदी कडक, एसेमेस वाचायची परवानगी बाहेरच्या ॲपला मिळूच नये, फोनवर कोणी बोलत असताना इन्स्टॉल होऊच नये. पण ते बंद करायचं बटण मालकाच्या हातात पायजे, लांबच्या कंपनीच्या नाही. वडिलांच्या फोनची ती किल्ली मी सांभाळतो, चालेल ना.

---

मीनाताई

हो, असं असेल तर माझा विरोध नाही. डीफॉल्ट कडक हवं आणि बदलायला वेळ लागला पाहिजे, घाईत एका टॅपवर होता कामा नये. हे भामटे लोक माणसाला घाईच करतात, "दहा मिनिटांत वीज तोडू" म्हणून. चोवीस तास थांबायची अट घातली तरी निम्मी फसवणूक थांबेल असं मला अनुभवावरून वाटतं.

---

बिट_बाइट

चोवीस तासांची कल्पना तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपी आहे आणि चांगली आहे.

फक्त रानवारा, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. समजा तुला परवानगी मिळाली आणि तू लिनिएज टाकलंस, तरी पुढची अडचण बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲप्सची. ती गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन प्रमाणित आहे का, आणि उत्तर नाही आलं की बरीचशी उघडतच नाहीत. इथं मोठा अन्याय असा आहे की तीन वर्षं पॅच न मिळालेला, भोकं पडलेला, पण कंपनीच्या सहीचा फोन बऱ्याचदा पास होतो, आणि ह्या महिन्याचा पॅच असलेली दुसरी सिस्टिम नापास होते. म्हणजे तपासलं काय जातंय, सुरक्षा का मालकी? मीनाताई, बँकवाल्यांनी हे आपल्या आयटी विभागापर्यंत पोचवलं तर फार बरं होईल, अँड्रॉइडमध्ये हार्डवेअरची साक्ष थेट तपासायची सोय आहे, त्यात बूट कोणत्या किल्लीवर झालं आणि पॅच कोणत्या महिन्याचा हे दोन्ही कळतं. भारतात भाजीवाल्यालाही यूपीआय लागतं, त्यामुळे यूपीआय बंद म्हणजे कागदावर हक्क असून नसल्यासारखा.

---

रानवारा

एवढं सविस्तर कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. माझं मत आता जरा नेमकं झालं. बाहेरच्या ॲप्सवर कडक डीफॉल्ट मला मान्य, मोडेमला हात लावायचा नाही हेही मान्य, पण किल्ली मालकाला मागितल्यावर मिळालीच पाहिजे आणि अपडेट थांबले की तर विनाअट. दूरदेशी म्हणतात ती ओळ आपल्याकडे कायद्यात यावी म्हणून ग्राहक मंत्रालयाला लिहिणार आहे, २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं होतं तेव्हा मोबाईलही त्यात होते, म्हणजे विषय त्यांना नवा नाही. अर्धा_चहा, मसुदा बघून द्याल का?

एडीबीनं जाहिरातवाली तीन पॅकेजेस काढली, फोन बराच शांत झालाय. आता पुढचा फोन घ्यायचा झाला तर काय बघून घेऊ?

---

अर्धा_चहा

पाठवा, बघते. स्पर्धा आयोगाच्या आदेशातला अनइन्स्टॉलचा मुद्दा त्यात जरूर घाला, तो एकदा मान्य झालेला आहे हे महत्त्वाचं.

---

खटपट्या

आधी लिनिएजच्या साइटवर अधिकृत यादीत मॉडेल आहे का बघ, मगच दुकानात जा. आणि मॉडेलचं नुसतं नाव बघू नको, खोक्यावरचा मॉडेल नंबर जुळव, कारण एकाच नावाच्या फोनचा भारतातला प्रकार वेगळ्या चिपचा असू शकतो. अपडेट किती वर्षं देणार ते लेखी बघ, पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस २४ पासून सात वर्षं सांगतात, पण त्यातला पिक्सेल उघडता येतो. अमेरिकेतून कोणी आणून देणार असेल तर ऑपरेटरचा फोन घेऊ नको, तिथले बरेच ऑपरेटरवाले फोन बूटलोडरला कायमचे बंद असतात. सेकंडहँड घेणार असशील तर विकणाऱ्यासमोरच डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन ओईएम अनलॉकचं (बूटलोडर उघडू देणारं) बटण दाबता येतंय का बघ, करडं असेल तर पैसे देऊ नको. बजेट सांग, मग मॉडेल सुचवतो.